गव्हर्नरची काळी हॅट

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला माझे काका बोटीवर नोकरीला गेले ते परत आलेच नाहीत. पत्र नाही, तार नाही. काकी मात्र रोज सकाळी ठसठशीत कुंकू लावून भुईगावच्या आमच्या वाडीत केळींना पाणी लावायला हजर. बारा वर्षं भरत आली तशी थोरल्यांत कुजबुज सुरू झाली. इतकी वर्षं माणूस फिरकला नाही, की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायची रीत. पुतळा जळला की काकीचं कुंकू गेलं.

मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. गावात इंग्रजी मलाच येतं, असं माझं मत. पलीकडच्या ख्रिस्ती देवळातल्या फादरना जास्त येई, म्हणून मी त्यांच्यासमोर बोलत नसे. शाळेत अमेरिकेचं रंगीत मासिक फुकट येई. एक अंक घरी आणला, तर काकीनं एका फोटोवर बोट ठेवलं.

"हे तुझे काका."

फोटो तिकडच्या कुठल्याशा राज्याच्या गव्हर्नरचा. गोरापान, डोक्यावर काळी हॅट. पण ते कान, ती हनुवटी! थेट काकांची.

"काकी, हा अमेरिकेतला साहेब आहे."

"मग? लांब गेलेला माणूस मोठा होतो. गावात राहिलेला मास्तर होतो. वाच."

वाचलं. सफरचंदाच्या बागेत वाढला, वकील झाला, दोनदा निवडून आला, पुरात होडीतून लोकांच्या दारी गेला. इंग्रजी अडेल तिथं मी पदरचं घातलं, आणि ते फार ठिकाणी अडलं. त्यामुळे आमचा गव्हर्नर कचेरीतून आला की स्वतः झाडांना पाणी लावी.

काकीनं थोरल्यांना बजावलं, "त्यांची खबर आहे. जित्या माणसाला जाळता?" सगळे हसले, भटजी तेवढे बिचकले. पुतळा लांबला.

पुढे अंकात गव्हर्नर नसला तरी मी त्याच्या गोष्टी रचून वाचून दाखवी. मग एका अंकात खरंच सापडला. काळ्या चौकटीत. शवपेटीवर त्याची ती हॅट ठेवलेली. अंक मी शाळेच्या कपाटात कुलपात घातला आणि वाटभर एक थाप घोकत घरी आलो.

काकी केळीत वाकलेली होती.

"काकी, साहेबानं काम सोडलं. घरी गेला म्हणे, बागेत."

"ठाऊक आहे. सकाळीच आले. त्या पाटाशी उभे होते. बसा म्हटलं, बसले नाहीत."

मी पाटाकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं.

"डोकं उघडंच होतं रे," काकी म्हणाली. "ती हॅट कुठं ठेवून आले?"

पुतळा कधी झाला नाही. काकीनं मरेपर्यंत कुंकू लावलं. मी मात्र अजून त्या केळीत एकटा पाणी लावायला जात नाही. घरचे मला आळशी म्हणतात. म्हणू देत.