कंसातलं वाक्य

"अरे, सर गेले," खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी सातपूरच्या कंपनीत मशीनपाशी उभा होतो. मला वाटलं, ठरल्याप्रमाणे चांदवडला गेले, लेकीकडे... फक्त एक दिवस आधी. मी आनंदानं विचारलं, "कितीच्या गाडीनं?" काकू रडायला लागल्या तेव्हा समजलं.

आठवीतून शाळा सोडून मी किनवटहून नाशिकला आलो. इथं ओळखीचं कुणी नव्हतं. पवार सरांनी शब्द टाकला म्हणून कॉलनीत खोली मिळाली. सर निवृत्त कारकून. आम्हा कामगारांना घेऊन नाटकं बसवायचे. जुन्या शोकांतिकेतला राजा त्यांनी मला दिला. पहिलं वाचन होतं. जे छापलंय ते सगळं वाचायचं, एवढंच मला ठाऊक. कंसातलंही मी खणखणीत म्हटलं, "थांबतो. मागे वळून पाहतो."

हसून सगळे लोळले. पिंट्या म्हणाला, "ओ महाराज, ते बोलायचं नाय, करायचं हाय!" उठून पळावं वाटलं. एकटे सर हसले नाहीत. म्हणाले, "हेच वाक्य त्याला आयुष्यभर बोलता आलं नाही रे. एकदा जरी 'थांबतो' म्हणाला असता, तर नाटक तिथंच संपलं असतं."

तो राजा दिलेला शब्द कधी मोडत नाही, म्हणून प्रजा त्याच्यावर जीव टाकते. आणि शब्दापायीच तो पोटच्या पोराला हाकलतो. मी विचारलं, "सर, मग हा चांगला का वाईट?" सर म्हणाले, "वाईटपणानं पडला असता तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या. चांगुलपणानं पडतो, म्हणून घशात अडकतो."

सरांचंही तसंच होतं. मानपानाच्या लग्नात जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या लेकीच्या, उज्ज्वलाताईंच्या लग्नात सासरच्यांनी थाटमाट केला तेव्हा ते भर मांडवातून उठले. "तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही," म्हणाले आणि कितीतरी वर्षं ठेवलं नाही. परक्या पोरांसाठी दार सताड उघडं ठेवणारा हा माणूस लेकीचा फोन वाजू द्यायचा... आणि वाजायचा थांबला की फोनकडे बघत बसायचा.

आमची शेवटची भेट रविवारी दुपारी झाली. ताई न्यायला आल्या होत्या. "बाबा, दम लागतो तुम्हाला. चला ना." सरांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली. ताई जिना उतरायला लागल्या. मी चहाचे कप घेऊन उभा. सर चिडले तर या शहरात मला कोण, ही धास्ती होतीच. तरी तोंडातून निघालं, "थांबतो. मागे वळून पाहतो."

सर पाठमोरेच म्हणाले, "आवाज पडला. पुन्हा."

मी ओरडूनच म्हटलं. सर उठले, गॅलरीत गेले. "उज्ज्वले, थांब!" खाली ताई थांबल्या, वळल्या. "शनिवारी येतो गं..."

काकूंचा फोन शुक्रवारी आला.

सरांच्या खोलीची किल्ली ताईंनी आमच्याकडेच ठेवलीय. तालीम तिथंच चालते. शनिवारसाठी सरांनी भरून ठेवलेली पिशवी ताईंनी चांदवडला नेली, खुर्ची मात्र हलवू दिली नाही. तिचं तोंड आता दाराकडे आहे. जाण्याआधी सरांनीच तसं केलं असावं. राजाची ती जागा आली की पिंट्या माझ्याकडे बघतो. कंसातलं मोठ्यानं वाचायचं नसतं, हे आता मलाही माहीत आहे...

तरी वाचतो.