मनीऑर्डर नको

जानेवारी १९७७, पहिला सोमवार. कोर्टाच्या आवारातल्या कडुलिंबाखाली हजर: मी, मुलीची आई, मुलगी, वय सहा, आणि आमचे सुपरवायझर साहेब, ज्यांना कोणीच बोलावले नव्हते.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी इथे मुलीची पोटगी तिच्या आईच्या हातात द्यायचो. घरी सांभाळायला कोणी नव्हते म्हणून मुलगी सोबत यायची. भेटीगाठीचे कोर्टाने काही ठरवून दिले नव्हते. आई पैसे मोजून सही करेपर्यंत ती दिसायची, तेवढीच माझी.

मी मिलच्या स्टोअरमध्ये होतो. साहेबांना सगळे ठाऊक होते. त्या सोमवारी कोर्टाजवळच्या सीताबर्डीहून सामान आणायचे काम ते नेमके मलाच द्यायचे आणि मी उशिरा परतलो की घड्याळाकडे पाठ करून बसायचे.

डिसेंबरात आमची पाळी बंद झाली, माझी नोकरी गेली. म्हणून साहेब आले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "अर्ज टाक गा. नोकरी नाही, पोटगी थांबवा म्हणून. मी साक्ष देतो."

"नाही साहेब."

"काहून? घरी नोटा छापून राहिला का?"

"पोटगी थांबली तर ही कशाले येईल इकडे?"

ते मुलीकडे पाहत राहिले. ती बाकावर संत्र्याच्या साली मांडत होती, लहानीपासून मोठीपर्यंत, एका ओळीत. ही सवय माझी.

"बरं, मग काम लागेपर्यंत मी तुह्या नावानं मनीऑर्डर करतो."

"मनीऑर्डर नको. ती पोस्टमन घेऊन जाते, साहेब."

"खिळे मोजता मोजता वकील झाला," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

त्याच आठवड्यात त्यांनी मला ओळखीच्या आरागिरणीत लावून दिले. मालकाला माझ्यासमोरच सांगितले, "पहिल्या सोमवारी याले दुपारी सोडजा. काहून ते विचारू नका."

कडुलिंबाखालून निघताना मुलगी म्हणाली होती, "बाबा, मिलचा भोंगा कोण वाजवते?"

"दाखवतो तुले."

दोन वर्षांनी तिच्या आईने दुसरे लग्न केले आणि दोघी रायपूरला गेल्या. तेव्हापासून मनीऑर्डरच. एकही चुकली नाही. पावत्या वर्षवार लावलेल्या आहेत. सही आईची असते.

साहेब आता निवृत्त होऊन सक्करदऱ्याला राहतात. परवा भेटले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी हेच विचारले, "पोरगी आली का गा?"

मी चौकशी करून ठेवली आहे. सकाळच्या पाळीचा भोंगा सातला होतो. तो वाजवणारा माणूस गुरुवारी सुट्टीवर असतो, तो वार टाळायचा. आत जायचा पास साहेब काढून देणार आहेत. पोरीला आणणे तेवढे राहिले आहे.