परातीखालचं फडकं

एसटीत आम्हाला अगदी पुढची सीट मिळाली होती. बायकोने लेकीसाठी घेतलेला लाडवांचा डबा ड्रायव्हरशेजारच्या इंजिनाच्या उतरत्या झाकणावर ठेवला. घाट लागला तसे ड्रायव्हर म्हणाले, "वहिनी, डबा मांडीवर घ्या. घसरेल."

"नाही घसरायचा, भाऊ. खाली ओलं फडकं घातलंय," ही म्हणाली. कणीक मळताना परात सरकू नये म्हणून घालते, तसंच.

मी डब्याकडेच बघत बसलो. चढ त्याला मागे खेचत होता. त्यात गाडीने जोर धरला, की झाकण त्याच्याखालून पुढे निसटायला बघायचं. डबा मात्र गाडीबरोबरच निघायचा. घर्षण म्हणजे अडवणारं बल, असं शाळेत घोकलं होतं. इथे तर तेच डब्याला वर घेऊन चाललं होतं. किती माणसांनी आपल्याला असंच धरून इथवर आणलं, आणि आपल्याला वाटत राहिलं की ती अडवताहेत.

पुढच्या वळणावर गुळगुळीत रेक्झिनवरून मीच कडेला घसरलो. डबा होता तिथेच होता. माझ्या शर्टाची बाही हिच्या मुठीत होती. प्रत्येक घाटात असते, आणि प्रत्येक वेळी "सोड गं, लहान आहे का मी?" म्हणत मी ती सोडवून घेतो.

या खेपेला मात्र घाट संपून सपाट रस्ता लागला, तरी बाही तिच्या मुठीतच राहू दिली.