तलावाच्या दोन फेऱ्या

सानपाड्यात नवीन राहायला आलेली म्हातारी माणसं मला विचारतात, काका, चालायला सोपा रस्ता कुठला? मी सांगतो. स्टेशनाकडं पाठ करायची आणि नाल्याच्या कडेनं सरळ जायचं. पहिली पाच मिनिटं नाकाला रुमाल लावा, मग वास सरतो. पुढं बाग लागते. बागेच्या पलीकडच्या दारानं बाहेर पडलं की तलाव. तलावाला पुरी फेरी आहे, फरशी घातलेली. कुठं चढ नाही, पायरी नाही. एका फेरीला मला अर्धा तास लागतो. बरोबर अर्ध्या फेरीवर नाला तलावाला मिळतो, तिथं एक करंजाचं झाड आहे आणि खाली सिमेंटचा बाक. गुडघे गेलेल्या माणसानं तिथं बसावं.

हे बाकाचं मी आता सांगतो. आधी सांगत नव्हतो. मला चालताना बसायला आवडत नाही, त्यामुळं बाक माझ्या कधी ध्यानातच आला नव्हता.

रस्ता सपाट असणारच. ही सगळी खाडीकाठची खाजण जमीन. साहेब लोक तलावाला होल्डिंग पाँड म्हणतात. भरती आली की खाडीकडची दारं मिटतात, पावसाचं पाणी आत साठून राहतं आणि ओहोटीला बाहेर जातं. आमच्या गावात हेच काम उघाडी करायची. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडाचं दार. मी मिठागरात वाढलो, चौथी शिकलो, पुढं शाळेचं तोंड बघितलं नाही. पण पाणी कधी आत येतं आणि कधी जातं हे मला कुणी शिकवायला नको.

मिठागरात चालायचं ते बांधावरून. वाट एका माणसापुरती. दोघं शेजारी चालले तर एक चिखलात गेलाच. म्हणून पुरुष पुढं आणि बाई मागं, तिच्या डोक्यावर पाटी. पुढच्यानं पायाखाली बघायचं, खेकड्यानं कुठं बीळ केलंय का. त्या बिळातून पाणी शिरतं आणि एका भरतीत बांधाला खांड पडते, म्हणजे बांध फुटून सगळं मीठ वाहून जातं. पुढच्या माणसानं मागं वळून बघायचं नाही. बघितलं की पाय घसरतो. लग्न होऊन ती आली त्या दिवसापासून मी पुढं आणि ती मागं.

मग मिठागर गेलं. बांधांवर इमारती उभ्या राहिल्या. मी मार्केटात कांद्याच्या गोणी वाहायला लागलो, आणि पाठीनं नाही म्हटल्यावर घरी बसलो. बसलो तो बसलोच. रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाला, रोज तासभर चाला. मी म्हटलं, आयुष्यभर चाललो ते काय कमी झालं? ती म्हणाली, "मी बी येते. चला, चपला घाला."

अशी आमची फेरी सुरू झाली. फरशीवर चार माणसं शेजारी चालतील एवढी जागा, आणि आम्ही तरी बांधावर असल्यासारखे. मी पुढं, ती मागं दोन हातांवर. समोरून येणारे हसायचे.

"काय काका, भांडण झालं वाटतं काकूंशी?"

"नाय," ती मागून म्हणायची, "गाडीचा डबा इंजिनाच्या मागंच आसतोय."

लोकांना मी ऐटीत सांगायचो, आम्ही दोघं रोज दोन फेऱ्या मारतो. मुलालाही सांगितलं होतं. मुलगा जासईकडं कंटेनर यार्डात कामाला आहे, बायकोपोरांना घेऊन तिकडंच राहतो. तो फोनवर म्हणायचा, "आईला कशाला एवढं चालवता?" मी म्हणायचो, तुझी आई तुझ्यापेक्षा दणकट आहे.

गणपतीच्या आधी ती गेली. दुपारी निवटे मासे साफ केले, कालवण केलं, मला वाढलं, स्वतः जेवली आणि पंख्याखाली आडवी झाली. चार वाजता चहाला उठवायला गेलो तर उठली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय.

बाराव्याच्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मुलगा माझ्यासमोर बसला. रडून त्याचा आवाज बसला होता. म्हणाला, "बाबा, रोज दोन फेऱ्या. तिचं वय काय, वजन काय! तुमी पुढं पळता आन् ती मागनं फरफटत येते. एकदा तरी मागं बघितलं का तुमी? चालवून चालवून मारलीत तिला."

सून म्हणाली, "आवो, काय बोलता?" तो उठून जिन्यानं खाली गेला. त्यानंतर फोन यायचा, पण कामापुरता. गोळ्या घेतल्या का. वीजबिल आलं का. ठेवतो.

त्यानं विचारलं ते बरोबर होतं. खरंच मी मागं बघत नव्हतो. रात्रंदिवस मी एकच आठवत बसायचो, तिला धाप लागलेली मला कधी ऐकू आली होती का? मला फक्त चपला आठवायच्या. फटक फटक. आणि चपला तर त्या फरशीवर शंभर माणसांच्या वाजतात.

चार-पाच महिने मी तलावाकडं गेलो नाही. सकाळी उठून एक कप चहा करायचो. हात सवयीनं दोन कपांचं पाणी ओतायचा, ते अर्धं मोरीत फेकायचो. साखर परत चढली. पायाला मुंग्या यायला लागल्या. संक्रांत झाल्यावर एका सकाळी म्हटलं, इथं भिंतीकडं बघून मरण्यापेक्षा चालून मरू. चपला घातल्या आणि निघालो.

तलावात फ्लेमिंगो उतरले होते. हातभर लांब कॅमेरे घेऊन माणसं आली होती. मी कुणाकडं न बघता चाललो. मला जिवंत माणसांचा राग यायचा तेव्हा, खोटं कशाला बोलू. जोडीनं चालणाऱ्यांचा तर फारच.

करंजापाशी आलो तेव्हा बाकावरून हाक आली.

"अहो भाऊ! थांबा की. ताई कुठं आहेत?"

एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, चष्मा, हातात काठी, पायात मुलांसारखे बूट. बोलणं देशावरचं. मी त्यांना जन्मात बघितलं नव्हतं.

"कोनची ताई?"

"तुमच्या मागून यायच्या त्या. मी म्हटलं आज तरी भेटतील. मी गुडघ्याच्या ऑपरेशनला लेकीकडं पुण्याला गेले होते, परवाच आले. त्यांची जागा धरून बसलेय बघा."

बाकावर त्यांच्या शेजारी रुमाल अंथरलेला होता.

"ती मेली," मी म्हटलं. "गणपतीच्या आधी."

बाईंनी तोंडावर हात धरला. मग रुमाल उचलला, घडी केली, परत उलगडली. मला म्हणाल्या, बसा. मी बसलो नाही. मी विचारलं, "जागा म्हंजे कसली जागा?"

"बसायची. रोज इथंच तर बसायच्या माझ्याजवळ."

"कवा? ती माझ्या मागं चालायची. दोन फेऱ्या."

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या हे मला नंतर कळलं. पण गणित चुकलेल्या पोराकडं बघावं तसं बघत होत्या.

"भाऊ, त्या इथपर्यंत तुमच्या मागून यायच्या. मग बसायच्या. तुम्ही पुढं जायचात, तलावाला वळसा घालून परत इथं आलात की त्या उठून तुमच्या मागं लागायच्या आणि घरी जायच्या. त्यांची एकच फेरी व्हायची."

"खोटं."

"मी कशाला खोटं बोलू? वर्षभर मीच तर असायचे बरोबर."

मग मी बसलो. अर्धा तास. रोज अर्धा तास मी त्या तलावाभोवती एकटा फिरत होतो आणि मला वाटायचं ती मागं आहे. मी तिच्याशी बोलायचोसुद्धा. पुढं बघूनच म्हणायचो, आज पानी लवकर जानार हाय, टाकी भरून ठेव. उत्तर यायचं नाही. पण तिनं उत्तर दिलंच पाहिजे असं आमच्यात कधी नव्हतं, त्यामुळं मला काही वाटलं नाही. समोरच्यांनाही वाटलं नसेल. हल्ली कानात काहीतरी खुपसून सगळेच एकटे बोलत जातात.

"मी त्यांना म्हटलं होतं," बाई म्हणाल्या, "अहो ताई, हाक मारा की त्यांना. सांगा, माझे पाय दुखतात. तर म्हणाल्या, 'नको बाय. मी बसले म्हंजे ते बी बसतील. एकदा घरात बसले का उठायचे नाय. मंग त्यांची साखर कोन उतरवनार?'"

त्यांनी तिची बोली अगदी तशीच काढली. मला तो आवाज सहन झाला नाही, मी पाण्याकडं बघितलं.

"इथून तुम्ही पलीकडच्या काठावर दिसायचात," बाई म्हणाल्या. "त्यांची नजर तिकडंच. मला सांगायच्या, 'आता बघा, तो दिव्याचा खांब आला का नाक शिंकरतील.' आणि तुम्ही शिंकरायचात! आम्ही दोघी इतक्या हसायचो."

तिथं मी नाक शिंकरतो हे मला माहीत नव्हतं.

मला एकच विचारायचं होतं. शेवटी विचारलं. "तिला धाप लागायची का? छातीत दुखतं असं कधी बोलली?"

बाईंनी लगेच उत्तर दिलं नाही, विचार केला. म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

"नाही. पाय म्हणायच्या. टाचा म्हणायच्या. छातीचं कधी नाही. दहा मिनिटं बसल्या की गप्पा सुरू."

घरी येऊन मी चपला न काढताच मुलाला फोन लावला. कामाच्या वेळी मी कधी करत नाही. तो घाबरून म्हणाला, "काय झालं बाबा?" मागं ट्रेलरचे हॉर्न वाजत होते. मी सगळं सांगितलं. बाक, बाई, एक फेरी. म्हटलं, मी तिला चालवून मारली नाय रे. ती बसायची. आरामात बसायची.

त्यानं मागं कुणाला तरी थांब म्हटलं.

मग म्हणाला, "म्हंजे अर्धा तास आई मागं नसायची. आन् तुमाला कळायचं नाय?"

"नाय कळलं."

"वर्षभर?"

"वर्षभर."

हॉर्न वाजत राहिले. कुणीतरी त्याला हाक मारली. तो म्हणाला, "जेवलात का?" बाराव्यानंतर हे त्यानं पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, जेवतो. म्हणाला, "रविवारी येतो. मला दाखवा ती जागा."

त्या रविवारी त्याला ड्युटी लागली. नंतरच्याही. येईल तेव्हा येईल. फोन मात्र आता थोडा लांबतो.

मी जातो रोज. बाई असल्या तर दोन शब्द बोलतो, पण त्यांच्याजवळ फार वेळ बसत नाही. त्या तिच्या मैत्रीण, माझ्या नव्हेत. दोन्ही फेऱ्या पुऱ्या करतो. फरक एवढाच, की आता मधूनच मला थांबून मागं बघावं लागतं. कितीही ठरवलं तरी मान वळतेच. मागून येणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्यानं आपल्याला वाट दिली. तो हात वर करतो, थँक्यू काका म्हणतो आणि पुढं निघून जातो.