तिच्या नावाची मण्यार

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा आम्ही जानेफळला राहत होतो. हे तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचे. आमच्या घरामागे एक शेतकरी जोडपं राहायचं. ती बाई माझ्याच वयाची. मी पुण्याकडची, मला ज्वारीची भाकरी थापायला तिनंच शिकवलं. भाकरी फाटली की हसायची. "राहू द्या बाई, पोटात गेल्यावर कोन पाह्यते?"

एका पावसाळ्यात, पहाटे तिचं पोट दुखायला लागलं. अंगावर खूण काहीच नव्हती. उजाडेपर्यंत पापण्या मिटू लागल्या, जीभ जड झाली. अंथरूण झटकलं तर गोधडीतून काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. मण्यार. तिच्या नवऱ्यानं काठीनं त्याचं डोकं ठेचलं. ह्यांनी रस्त्यावर ट्रक थांबवून तिला मेहकरच्या दवाखान्यात नेलं. तिथे सापाच्या विषावरचं इंजेक्शन होतं, आणि ते प्रत्येक ठिकाणी असायचंच असं नव्हे. ते दिलं, पुन्हा दिलं. दुपारी तिचा श्वास थांबला.

तेरावा झाल्यावर तिचा नवरा आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"मास्तर, सुई तर देल्ली होती. मंग काऊन गेली थे?"

ह्यांच्याकडे तो साप होता. तिथे मारलेला साप जाळून टाकतात. ह्यांनी तो मागून घेऊन, सडू नये म्हणून शाळेतल्या एका बरणीत फॉर्मालिनमध्ये ठेवला होता. एका रविवारी भिंग घेऊन बसले. पुस्तकातल्या मण्यारीच्या अंगावर मध्यभागी खवल्यांच्या पंधरा रांगा असतात. हिच्या सतरा भरल्या. मलाही मोजायला लावलं. माझ्याही सतराच भरल्या.

"ही जात वेगळी आहे," हे म्हणाले. "लस साध्या मण्यारीच्या विषाची. हिच्यावर चालली नसेल. हिला शास्त्रीय नाव मिळालं, तर कुणीतरी हिचं विष काढून पाहील."

ह्यांनी तिच्या नवऱ्याला ते सांगितलं, तेव्हा त्यानं विचारलं,

"नाव कोन देते?"

"ज्यानं आधी वर्णन केलं, तो."

"मंग तिचंच नाव द्या ना, मास्तर."

ह्यांनी तिच्या नावाला लॅटिन शेपूट जोडलं आणि सापाचं वर्णन इंग्रजीत लिहून काढलं. दिवाळीच्या सुट्टीत बरणी फडक्यात गुंडाळून शेगावहून रेल्वेनं गेले, दूरच्या एका संग्रहालयातल्या तज्ज्ञांकडे. परत आले ते पाय न धुताच बसून राहिले.

"चांगले गृहस्थ होते," म्हणाले. "समजावून सांगितलं. डोकं ठेचलेलं, त्यामुळे नमुना निकामी. आणि सतरा रांगांच्या मण्यारीचं वर्णन उत्तरेकडून फार पूर्वीच झालंय. जुनं नाव असताना नवं धरता येत नाही."

"मग ते जुनं नाव तरी पक्कं आहे का?"

"तेही नाही. कुणी ती वेगळी जात मानतात, कुणी साध्या मण्यारीतच टाकतात. वाद आहे."

"आणि लस?"

"ते त्यांचं काम नाही."

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याला ह्यांनी सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता.

"म्हन्जे तिचं नाव नाई लागनार."

"नाही."

"अन् दवाई?"

"तीही नाही."

तो उठला, मला म्हणाला, "येतो बाई," आणि गेला. पुढे आमच्याकडे फारसा आला नाही.

चांगला नमुना मिळाला तर तो वाद तरी मिटेल, म्हणून ह्यांनी आणखी वर्षभर प्रयत्न केला. साप मारा, पण डोकं ठेचू नका, असं घरोघर सांगितलं. लोक हो म्हणायचे. पण लेकरं झोपली असतात त्या घरात साप निघाल्यावर कोण हात आखडता घेणार? ह्यांच्या हाती आले ते चेंदामेंदा झालेले साप, नाहीतर नुसती राख.

पुढच्या पावसाळ्यात गावातल्या आणखी एका बाईला मण्यार चावली. हे पुन्हा मेहकरला गेले. दवाखान्यात तेच इंजेक्शन होतं, तेच दिलं. डॉक्टरांनी विचारलं, "साप कोणता?"

"मण्यार," हे म्हणाले.

ती बाईही संध्याकाळी गेली. नंतर आमची बदली मोताळ्याला झाली. तिथे हे निवृत्त होईपर्यंत विज्ञान शिकवत राहिले. सापांचा धडा आला की तो मुलांना घरी वाचायला सांगत.