मोर छापाचे हजार शेअर

देवरावचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. वणीच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं. आधी पाठीवर कापूस वाहिला, मग आकड्याने गाठी ओढल्या, आणि शेवटची बारा वर्षं नमुना काढला. ते काम सोपं दिसतं, सोपं नाही. गाडीत वर चांगला कापूस सगळेच ठेवतात. हात कोपरापर्यंत खुपसून तळातली मूठ काढायची. एकाच वाणाच्या चार गाड्यांच्या चार मुठी पोत्यावर शेजारी शेजारी मांडायच्या, आणि मगच तोंड उघडायचं. एकटी मूठ पाहून त्याने कधी कोणाला भाव बोलू दिला नाही.

२००५च्या दिवाळीनंतर कापसाचा भाव बसला, गाड्या येईनात, जिनिंगला कुलूप लागलं. देवरावच्या हातात बेचाळीस हजार ग्रॅच्युइटी आली. त्यातून घराच्या ओट्यावर पिठाची नवी चक्की घ्यायची, हे बायकोचं, नलूचं, आधीच ठरलेलं. किंमत अडतीस हजार.

तेवढ्यात दीनानाथ आले. तहसीलमधून निवृत्त झालेले बाबू. घरी कॉम्प्युटर. शेअरच्या दलालाला गिऱ्हाईक आणून द्यायचे, टक्का मिळायचा.

"देवराव, मोर छाप सूतगिरणी आठवते का?"

न आठवायला काय झालं? तिच्या गाठींवर मोराचा ठसा देवरावनेच मारलेला. पहिल्या नंबरच्या कापसाशिवाय ती गिरणी दुसरा उचलत नसे.

"शंभरचा शेअर चाळीसला मिळतोय. सहा महिन्यांत दुप्पट. एक काय, दोन चक्क्या घ्या."

नलूने विचारलं, "नीट पाह्यलं का जी तुमी?"

"तीस वर्सं तिचाच कापूस पाह्यला. आता अजून काय पाहू?"

हजार शेअर घेतले. चाळीस हजार गेले, वरचे दोन हजार घरखर्चात. जूनमध्ये शेअर सत्ताविसावर आला.

देवराव दीनानाथांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बाजारच पडलाय हो," दीनानाथ म्हणाले. "सगळेच पडलेत."

"सगळे म्हंजे कोन? नावं सांगा."

दीनानाथांनी नुसता हात हवेत फिरवला.

"सुताच्याच धंद्यातल्या अजून तीन गिरण्या काढा त्या डब्ब्यावर. हिच्या शेजारी मांडा."

"आता त्याने काय होणार?"

"मले पाहू तर द्या. कायले घाबरून राह्यले?"

दीनानाथांनी कॉम्प्युटर लावला. एकेक आकडा वाचत गेले आणि देवराव कॅलेंडरच्या जुन्या पानामागे लिहीत गेला. घेतला तेव्हाचा भाव, वर्षाचा शेअरमागे नफा, कर्ज. बाकीच्या तिन्ही गिरण्यांत रुपयाभर नफ्यासाठी दहा, अकरा, फार तर बारा रुपये मोजावे लागत होते. मोर छापात चाळीस. कर्जही तिच्याच डोक्यावर सगळ्यात जास्त. तिघी दोन-चार रुपयांनी उतरल्या होत्या, ही तेरा रुपयांनी. स्वस्त म्हणून घेतलेला शेअर चौघींत सगळ्यात महाग होता.

"हे काढाले किती वेळ लागला?"

"वीसेक मिनिटं."

"वीस मिनिटं!" देवरावचा आवाज गल्लीत गेला. "मी भर उन्हात गाडीच्या तळात हात घालत होतो. नखात काडी रुतायची. गाडी गरिबाची असो का पाटलाची, चार मुठी मांडल्याबिगर शब्द नाही काढला. तुमाले पंख्याखाली खुर्चीवर वीस मिनिटं जड झाली?"

"माझेही पाच हजार आहेत त्यात."

"मंग सोताच्या पैशासाठीबी कामचोरी केली तुमी! टक्का मात्र बरोबर घेतला."

घराकडे येताना राग स्वतःवर वळला. एक गाडी पाहिली, तीही वरून. शंभराचा चाळीस झाला एवढंच पाहिलं. शेजारी कोण उभं आहे ते विचारलंच नाही.

नलू म्हणाली, "नव्या हमालानं असं केलं असतं, तर तुमी त्याले गेटाबाहेर काढलं असतं."

खरं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने शेअर विकायला सांगितले. "थांबा, चाळीस परत येतील," दीनानाथ म्हणाले.

"ओला कापूस ठेवून पांढरा होते काय? काढा."

सत्तावीस हजार आले. नव्या चक्कीचा विषय संपला. जुन्या तीन चक्क्या विकायच्या आहेत असं कळलं. एक वणीत, एक मारेगावला, एक बोरी अरबला, नलूच्या माहेरच्या गावी. एकाच पोत्यातली ज्वारी घेऊन देवराव तिन्हीकडे गेला. प्रत्येक ठिकाणी एक पायली दळली, पीठ चिमटीत चोळलं, जात्याचा दगड हाताने चाचपला. बोरी अरबची चक्कीवाली वैतागली.

"चक्की घ्याले आले का सोयरीक जमवाले?"

"सोयरीकीले एवढं पाहत नाही, बाई."

तिच्याच चक्कीचं पीठ न तापता थंड पडत होतं. चोवीस हजारांत सौदा झाला. टेम्पोला दीड हजार, वायरिंगला आणि नव्या पट्ट्याला हजार. एकतीस वर्षांच्या पहाटेच्या चारचे एवढेच झाले: ओट्यावर एक जुनी चक्की, पाच हॉर्सपॉवरची मोटर, आणि नलूच्या हातात उरलेले पाचशे रुपये.