रिकामी बंदूक

वडील गेल्यावर त्यांची बारा बोअरची जुनी ऑटोमॅटिक बंदूक विकायला मी शस्त्रांच्या दुकानात नेली. काउंटरवर त्याच जातीची एक नवी बंदूक ठेवलेली होती, काळी, हलकी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची. म्हातारे दुकानदार मात्र आमच्याच बंदुकीवरून हात फिरवत राहिले. "नवीपेक्षा हिला भाव जास्त येईल," ते म्हणाले. "असं पोलाद, असं अक्रोडाचं लाकूड आता कोण घालतं? आणि अजून चालते."

ते शेवटचं वाक्य मला टोचलं. बंद पडलेलं घड्याळसुद्धा जुनं म्हणून कौतुकानं विकत घेतलं जातं. बंदुकीचं मोल नुसत्या म्हातारपणात नाही. इतक्या वर्षांनीही ती जीव घेऊ शकते, यात आहे.

"रिकामी आहे," मी सांगितलं. वडील नेहमी तसंच सांगायचे.

"सगळे तेच सांगतात," म्हणत त्यांनी नळी भिंतीकडे वळवली आणि बाजूची खिट्टी मागे ओढून आत पाहिलं. नळी रिकामीच होती. मग त्यांनी नळीखालचं, पुढची काडतुसं भरून ठेवायचं नळकांडं तपासलं, आणि त्यातून एक लाल काडतूस त्यांच्या तळहातावर आलं.

ते त्यांनी माझ्यासमोर काउंटरवर ठेवलं. दर दसऱ्याला आई ही बंदूक पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहायची. नळीचं तोंड आमच्याकडे असायचं, आणि आम्ही भावंडं एकेक करून तिथेच डोकं टेकवायचो.